सतरा नंबरचा ओढा

१

"माझे मासे डोंगरावर पोहतायत!"

मासेवाला नकाशाची गुंडाळी काखेत मारून साहेबांच्या खोलीत घुसला आणि टेबलावर ती फाडकन उलगडली. कार्यालयात त्याला सगळे मासेवालाच म्हणत. गेली सात वर्षं तो ओढ्यांतल्या माशांची मोजदाद करत होता, आणि एका बोटाएवढ्या चंदेरी माशाखेरीज त्याला जगात फारसं कशातच गम्य नव्हतं. तो मासा फक्त सतरा नंबरच्या ओढ्यात अंडी घालायचा. मासेवाल्याने तिथले अकरा डोह जीपीएसवर टिपून दिले होते. छापून आलेल्या नकाशावर अकराच्या अकरा ठिपके हजर होते, पण त्यांच्याखाली निळी रेघ नव्हती. नुसता कोरडा उतार होता.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. मग यादी काढली. गेल्या महिन्यापर्यंत एक्केचाळीस ओढे होते. आता चाळीस. सोळाच्या पुढचा ओढा सतरा होता खरा, पण तो मुळातला अठरा.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. परवा सकाळी जनसुनावणी होती. नकाशावर जो ओढा असेल त्याच्या दोन्ही काठांना पन्नास मीटरचा राखीव पट्टा मिळणार होता. त्या पट्ट्यात खोदायचं नाही, बांधायचं नाही. जो ओढा नकाशावर नसेल, तो कायद्याच्या लेखी नव्हताच.

"परत काढा की रेघ!" मासेवाला ओरडला. "हाताने काढा!"

"आणि परवा खाणवाल्यांच्या वकिलाने विचारलं, की काल नव्हता तो ओढा आज कुठून उगवला, तर? तो म्हणेल, हे लोक मनाला येईल तसे ओढे काढतात नि पुसतात. मग एकाबरोबर चाळीसही जातील." साहेबांनी फोन उचलला. "रेघ कशी गेली ते कळल्याशिवाय ती परत काढता यायची नाही. आणि ते एकच माणूस शोधू शकेल."

ते माणूस त्या वेळी घरी, थोरल्या बहिणीचा मोडका पंखा उघडून बसलं होतं.

२

भिंगबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कार्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक नकाशा भिंगाखाली धरून त्यातली चूक शोधायची. त्यावरून पडलेलं नाव त्यांना कधी लागलं नाही.

"नदीचं मूळ विचारू नये म्हणतात," थोरली बहीण म्हणाली, "आणि तू ओढ्याचं विचारायला निघालीस. पंख्याचं काय?"

"आल्यावर."

"तुझं ते 'आल्यावर' मी लहानपणापासून ऐकतेय."

पण निघताना बाईंच्या मनात पंखा नव्हता. पन्नास मीटरचा तो नियम आठ वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. बाकी सगळ्यांना वीस पुरेसे वाटत होते. बाईंनी हट्टाने पन्नास करून घेतले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

दहा वाजता त्या संगणकवालीच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. ही मुलगी विशी-पंचविशीची, कामात वाघीण. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"मॅडम, मी काही केलं नाही. पण बदल माझ्या लॉगिनवरून झालाय. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, दुपारी एक वीसला."

"जेवायच्या वेळेला?"

"मी डबा खात खातच काम करते. त्या दिवशी फक्त जीपीएस यंत्रातला माल आत घेतला. डोहांचे ठिपके आणि जमिनीच्या उंचीची काही रीडिंग होती. तेवढंच. रेघेला मी हातसुद्धा लावला नाही."

"मग रेघ कोण काढतं?"

"कोणीच नाही. उंचीचे आकडे दिले की पाणी कुठून कुठे उतरेल ते संगणक स्वतः शोधतो आणि निळी रेघ काढतो. नवे आकडे आले की सगळ्या रेघा नव्याने काढतो."

बाई म्हणाल्या, "तू नोकरी सोडतेयस असं कानावर आलं."

मुलीचा चेहरा उतरला. "पुढच्या महिन्यात. एक सर्वेक्षण कंपनी आहे."

"कोणासाठी सर्वेक्षण करते ती?"

उत्तर अगदी हळू आवाजात आलं. "दगडखाणींसाठी."

३

साहेबांनी तर विचारायच्या आधीच कानांवर हात ठेवले. "खाणवाला माझ्याकडे आला होता, हो. दोनदा. पण सगळेच येतात. मी चहा पाजला आणि वाटेला लावला."

"काय मागत होता?"

"कच्चा नकाशा. तो जाहीरच असतो, त्या मंगळवारनंतर दिला. तर आठ दिवसांत त्याने अर्ज बदलून आणला." साहेबांनी खणातून कागद काढला. पहिल्या अर्जात खाणीची हद्द टेकडीच्या अलीकडे थांबत होती. दुसऱ्यात ती सतराच्या ओढ्यावरून सरळ पलीकडे गेली होती.

"म्हणजे ओढा नाहीसा झाल्यावर हद्द सरकली," बाई म्हणाल्या. "आधी नाही."

"त्याने काय फरक पडतो?"

"ज्याने ओढा पळवला तो खाणवाल्याचा माणूस असता, तर खाणवाल्याला आठ दिवस लागले नसते. त्याचा अर्ज तयारच असता."

साहेबांनी सुस्कारा सोडला. बाईंनी मात्र तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

मग त्या उपग्रहाच्या छायाचित्रावर भिंग घेऊन बसल्या. संगणकावर चित्र हवं तेवढं मोठं करता येत होतं, पण बाईंना छापील कागद लागायचा. संगणकवालीने तो गुपचूप छापून दिला. टेकडीच्या माथ्याशी झरा. तिथून खाली ओढ्याच्या कडेने झाडांची गडद ओळ. झऱ्याच्या जरा खाली, दोन्ही काठांना चिकटून छोटे चौकोन.

"ही काय? छपरं?"

मुलीने मोजली. "अकरा आहेत. नोंदीत तर वस्ती नाही."

"नोंदी कोण करतं? आपणच ना?" आठ वर्षांपूर्वी नियम लिहिताना त्यांनी हे चित्र मागवलंच नव्हतं.

त्यांनी उंचीची नवी रीडिंग कागदावर मागितली. बारा होती. शेजारी त्यांनी जुन्या मोजणीचे आकडे स्वतःच्या हाताने लिहिले आणि वजाबाकी करत गेल्या. तिसऱ्या आकड्याला त्यांचा हात थांबला. मग पुढचे नऊ त्यांनी घाईघाईने केले.

बाराही ठिकाणी फरक एकच होता. बरोबर दोन मीटर.

४

"जमीन कधी अशी वाढत नाही," बाईंनी साहेबांना सांगितलं. "दरड आली, गाळ साचला, तर इथे वीतभर, तिथे पुरुषभर. बारा जागी मोजून दोन मीटर म्हणजे ती जमीन नव्हेच. ती काठी आहे."

जीपीएसचं यंत्र दोन मीटरच्या काठीच्या टोकावर बसवतात. काठीची लांबी यंत्राला सांगायची असते, म्हणजे ते तेवढी उंची वजा करून जमिनीची उंची देतं. कोणी काठीची लांबी शून्य सांगितली, तर यंत्र स्वतःच्या उंचीलाच जमीन समजतं. झऱ्याखालच्या चिंचोळ्या वाटेत अशी बारा रीडिंग घेतली की संगणकाला तिथे दोन मीटरचा बांध दिसतो. झऱ्याचं पाणी तो शेजारच्या सोळा नंबरात वळवतो. खाली जे पाणी उरतं, त्याला ओढा म्हणायला संगणक तयारच नसतो.

"कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ते हेच," साहेब पुटपुटले. "मुलीचा दोष नाही तर."

"तिने फक्त आलेला माल आत घेतला. गोष्ट डोंगरावर घडली. रीडिंग आहेत त्या मंगळवारच्या आधीच्या गुरुवारची. यंत्र कोणाच्या नावावर होतं?"

साहेबांनी नोंदवही उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. तो अख्खा आठवडा यंत्र मासेवाल्याच्या नावावर होतं.

मासेवाल्याला विचारलं तेव्हा तो आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी? माझ्या माशांचं पाणी मी पुसेन?"

"तसं मी म्हटलं नाही. त्या गुरुवारी यंत्र कुठे होतं एवढंच सांगा."

"माझ्याकडे."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ!" तो म्हणाला, आणि बाईंच्या नजरेला नजर न देता खिडकीबाहेर बघत राहिला.

साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. "त्याचा शोधनिबंध अजून छापून यायचाय. माशाची जागा जगजाहीर होऊ नये असं त्याला वाटत असेल. आज सकाळचा सगळा आरडाओरडा नाटक असू शकतं."

मासेवाला खोटं बोलत होता एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

५

क्षेत्रावरच्या मोजणीदाराला सगळे गमबूट म्हणत, कारण उन्हाळा असो की हिवाळा, त्याच्या पायात तेच असत. पंधरा वर्षांपूर्वी काठी सरळ कशी धरायची हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. तो त्यांना ताई म्हणायचा, आणि नुसतं म्हणायचा नाही, मानायचाही. बाईंच्या पाठीच्या दुखण्यात महिनाभर औषधं त्यानेच आणून दिली होती.

"यंत्र मासेवाल्याकडे होतं त्या आठवड्यात तू कुठे होतास?"

"तापाने पडलो होतो, ताई. खोलीवर. रजेचा अर्ज आहे."

"आता बरा आहेस?"

"बरा आहे."

"आणि आई?"

"आईचं काय, उतारावरचं घर. बाजारहाटाला चढ-उतार करून गुडघे गेलेत. खाली चल म्हटलं तर ऐकत नाही." तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "चार महिने झाले वर जाऊन."

बाईंनी मान डोलावली. तो गेल्यावर त्या पुन्हा कागदाकडे वळल्या. आतापर्यंत त्यांनी फक्त उंची पाहिली होती. प्रत्येक रीडिंगपुढे वेळही होती, आणि ती कोणी वाचली नव्हती.

पहिलं रीडिंग सकाळी सात दहाचं, झऱ्याजवळचं. शेवटचं साडेआठचं, बरंच खाली.

त्यांनी मासेवाल्याला परत बोलावलं.

"एक सांगा. तुम्ही ओढ्यात काम करता तेव्हा वरून खाली जाता की खालून वर?"

"हा काय प्रश्न झाला? खालून वर. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. मागून गेलं तर त्याला कळत नाही. वरून उतरलं तर गढूळ पाणी आपल्या आधी त्याच्याकडे पोचतं."

"कधीच वरून नाही?"

"सात वर्षांत नाही."

"मग आता खरं सांगा. त्या बुधवारी दुपारी काम संपल्यावर यंत्र कुठे ठेवलंत?"

मासेवाला खुर्चीत खचला. "पायथ्याच्या चौकीत. इतकं जड घेऊन रोज कोण घरी जातं? नियमात बसत नाही, माहीत आहे. साहेबांना कळलं तर यंत्र पुन्हा मिळणार नाही म्हणून बोललो नाही. गुरुवारी अकराला गेलो तेव्हा होतं तिथेच होतं."

"चौकीची किल्ली?"

"दाराच्या वरच्या फटीत. आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. पायथ्यापासून झऱ्यापर्यंत तीन तासांची चढण. अंधारात त्या वाटेने कोणी चढत नाही. सकाळी सातला जो माणूस झऱ्याजवळ काठी रोवून उभा होता, तो रात्री वरच झोपला होता. आणि वर झोपायला जागा म्हटली तर फक्त ती अकरा छपरं. उतारावरची.

त्यांनी साहेबांकडे उद्यासाठी गाडी मागितली.

६

दुसऱ्या दिवशी बाई डोंगर चढल्या. साहेबांनी गाडी पायथ्यापर्यंत दिली, पुढे त्यांना साडेचार तास लागले. सोबत मासेवाला होता, तो झऱ्याच्या अलीकडे थांबला. "पुढचं तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला.

गमबूट अंगणातच होता. छपराचा पत्रा बसवत होता. बाईंना पाहून तो शिडीवरून उतरला नाही. नुसता बघत राहिला.

"काठी शून्य सांगितलीस," बाई खालूनच म्हणाल्या.

तो सावकाश उतरला. "किती वेळ लागला, ताई?"

"एक दिवस."

"मला वाटलं होतं, तुम्ही आता नाही आहात तर कोणाला कळणार नाही."

दारातून त्याची आई डोकावली. "कोण रे?"

"माझ्या कार्यालयातल्या बाई, आई. ज्यांनी शिकवलं त्या."

म्हातारीने लगेच घोंगडी अंथरली. बाईंना बसवेना.

"पन्नास मीटर म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?" गमबूट म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. "नकाशावर नखाएवढं. इथे आमचं अंगण, हे घर, मागचा गोठा, त्याच्या मागचं काकांचं घर. अकराच्या अकरा घरं पट्ट्यात येतात. नवं बांधायचं नाही, जुनं दुरुस्त करायचं नाही. पाच वर्षांत छप्पर पडेल, मग म्हणणार, इथे वस्ती नाहीच. मी दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं, नोंदीत घरं नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"नियम कोणाचा होता, ताई?"

ओढा दहा पावलांवर वाहत होता. त्यांनी पर्समधून खाणवाल्याचा दुसरा अर्ज काढून त्याच्या हातात दिला.

तो नकाशे वाचण्यात मुरलेला माणूस होता. हद्दीवरून त्याचं बोट फिरलं, झऱ्याशी पोचलं आणि थांबलं.

"ही... ही तर झऱ्यावरून जाते. खाण पलीकडच्या टेकडीवर होती ना?"

"होती. मध्ये ओढा होता म्हणून. तू ओढा काढलास, त्याला वाट मोकळी झाली. झराच खणून गेला तर घरं राहून करतील काय?"

गमबूट तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. आईने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. सगळं, एका दमात. म्हातारी ऐकत राहिली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "म्हणजे ओढा राहिला तर आम्ही जायचं, नि ओढा गेला तरी आम्हीच जायचं. असंच ना, बाई?"

७

सुनावणीला सभागृह भरलं होतं. खाणवाल्यांचा वकील उठला आणि त्याने नेमका तोच प्रश्न विचारला. चाळीस की एक्केचाळीस?

साहेब उठायच्या आधी मागच्या रांगेतून गमबूट पुढे आला. बाईंनी त्याला काहीच करायला सांगितलं नव्हतं. उतरताना वाटेत एवढंच म्हटलं होतं, की तू बोलला नाहीस तर मला बोलावं लागेल.

त्याने दाराबाहेरच्या उघड्या ओट्यावर काठी उभी केली, यंत्राला शून्य सांगितलं, आणि ओट्याची फरशी दोन मीटर वर गेलेली पडद्यावर सगळ्यांना दाखवली. मग दोन सांगितलं, फरशी जागेवर आली. संगणकवालीने बारा आकडे सर्वांसमक्ष दुरुस्त केले. पडद्यावर रेघा क्षणभर नाहीशा झाल्या आणि पुन्हा उमटल्या. सोळाच्या शेजारी सतरा होता.

मासेवाल्याने तोंड रुमालात झाकून घेतलं.

"हा खोटेपणा कोणी केला?" सुनावणी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी," गमबूट म्हणाला. "या कार्यालयातल्या दुसऱ्या कोणाचा त्यात हात नाही."

तेव्हा भिंगबाई उभ्या राहिल्या. "त्याने आकडे खोटे दिले, हे खरं आहे. पण त्याच्या आधी आठ वर्षं आम्ही तिथे घरं नाहीत असं लिहीत आलोय. तेही खोटंच होतं. तो नियम मी लिहिला. टेबलावर बसून लिहिला. माझं म्हणणं नोंदवून घ्या."

वकील हसला. अधिकारी हसले नाहीत.

निकाल आठवड्याने आला. सतरा नंबरला पन्नास मीटरचा पट्टा मिळाला, खाणीची हद्द मागे गेली. घरांबद्दल लिहिलं होतं, की पुन्हा मोजणी होऊन निर्णय लागेपर्यंत आहेत तशी राहतील, दुरुस्तीला मात्र तूर्त परवानगी नाही. गमबूट बडतर्फ झाला. साहेबांनी शब्द टाकला होता, पण तो कोणी झेलला नाही. बाईंनी त्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

दीड महिन्याने बाई पुन्हा वर गेल्या. पुन्हा मोजणी कोणी करायची यावर कार्यालयात कागद फिरतच होते, तेव्हा त्यांनी स्वतःच टेप घेतला. पहिल्या घराच्या दारात म्हातारी उभी होती. तिने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

बाईंनी टेपचं टोक ओढ्याच्या काठावर दगडाखाली दाबलं आणि भिंतीकडे निघाल्या. चार पावलांत दगड निसटला, टेप सुटला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्या खाली वाकल्या तेव्हा कोणीतरी टोक त्यांच्या हातातून काढून घेतलं. गमबूट काठावर उकिडवा बसला आणि त्याने ते दगडावर घट्ट धरलं. बाईंकडे त्याने पाहिलं नाही.

त्या भिंतीपर्यंत गेल्या. टेप ताणला. डोळ्यांवरून चष्मा सारखा घसरत होता आणि आकडा नीट दिसत नव्हता.

"किती?" त्याने विचारलं.

"एकोणीस मीटर, चाळीस."

"ढिला आहे. पुन्हा ओढा."

त्यांनी पुन्हा ओढला. "एकोणीस, बारा."

"हं. लिहा," तो म्हणाला, आणि टोक उचलून काकांच्या घराकडे चालू लागला.